मजुराची नोंद आणि खुणांची भाषा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलू, अशी त्यांची समजूत होती. आम्ही विषय कळवला तो एक्सएमएल आणि वेब सर्व्हिस यांचा. चिटणीसांनी लगेच फोन करून, 'हे तुम्हीच बोलणार ना?' अशी खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. ज्याची उमर हमाल, जिनमधल्या बाया आणि बांधकामावरचे मजूर यांच्यात गेली, ज्याचे शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटले, त्याने पन्नाशीनंतर संगणकाच्या भाषेवर बोलावे, ही गोष्ट चमत्कारिक खरी. पण आम्ही आज चळवळ सोडून दुसऱ्या विषयावर बोलणार नाही, हे आपल्या ध्यानात येईलच.

आधी नोंदीविषयी बोलतो. मजुराचे सारे आयुष्य नोंदीवर टांगलेले असते. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या मागण्यांचा अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्या अर्जाचे बळ भाषणांत नव्हते, त्या साडेपाच हजार नोंदींत होते. आमच्या जिल्ह्यातही तेच. जिनमध्ये रेच्यावर कापूस टाकणारी बाई आठ महिने राबते आणि हंगाम संपला की घरी बसते. तिने काम केले याचा पुरावा म्हणजे मालकाच्या दप्तरातली एक ओळ. ती ओळ बरोबर असेल तर भविष्यनिर्वाह निधी आहे, निवृत्तिवेतन आहे, आणि बाई मरण पावली तर वारसाला काही मिळण्याची आशा आहे. ओळ चुकली की त्या बाईने ते दिवस कामच केले नाही असे ठरते.

अशीच एक ओळ आम्हांला या विद्येकडे घेऊन गेली. जिल्ह्यातल्या एका जिनचे प्रकरण चौकशीला लागले होते. नाव सांगण्याचे कारण नाही. चौकशीत मालकाने निधीच्या कार्यालयाकडे दरमहा पाठवलेल्या फायलींच्या प्रती आमच्या हाती आल्या. ही फाईल म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. तीत एका कामगाराची एक ओळ असते. ओळीत अकरा रकाने असतात, आणि दोन रकान्यांच्या मध्ये खूण असते ती अशी: #~#. पहिल्या रकान्यात कामगाराचा बारा आकडी क्रमांक, दुसऱ्यात नाव, आणि मग नुसते आकडे: ९६००, ९६००, ९६००, ९६००, ११५२, ८००, ३५२, ६, ०. पहिले चार म्हणजे वेगवेगळ्या हिशेबांसाठी धरलेले वेतन. ११५२ हे कामगाराच्या वेतनातून कापलेले बारा टक्के. ८०० हे मालकाच्या वाट्यातून निवृत्तिवेतनाकडे गेलेले आठ पूर्णांक तेहतीस शतांश टक्के, आणि ३५२ ही उरलेली रक्कम. त्यापुढचा सहा म्हणजे बिनपगारी दिवस. शेवटचे शून्य उचललेल्या रकमेच्या परतफेडीचे.

आता गंमत पाहा, किंवा दुर्दैव पाहा. यातल्या कोणत्याही आकड्यावर तो कशाचा आहे हे लिहिलेले नाही. तो कितव्या जागी आहे यावरून त्याचा अर्थ ठरतो. त्या जिनच्या फायलीत आम्ही दहाव्या रकान्यात पाहिले तर बायकांपुढे २६, २५, २६, २४ असे आकडे! म्हणजे महिन्यातले सव्वीस दिवस बाई बिनपगारी. आणि वेतन मात्र पूर्ण. कारकुनाने हजेरीचे दिवस बिनपगारी दिवसांच्या जागी भरले होते, महिन्यामागून महिने. मुद्दाम की अजाणता, ते आम्ही आजही सांगू शकत नाही. संगणकाला तक्रार करण्याचे कारण नव्हते. त्याला आकडा हवा होता, आकडा मिळाला. सव्वीस हा महिन्याच्या दिवसांहून जास्त नाही, मग त्याचे काय बिघडले? बिघडले ते बायकांचे, कारण निवृत्तिवेतनाची सेवा मोजताना हे दिवस पाहिले जातात.

आमच्याकडे याला तोड म्हणून काय होते? वह्या. गेली अनेक वर्षे आमच्या युनियनच्या प्रत्येक खात्यातली एक बाई हजेरीची वही ठेवते. त्या वह्या, मालकाच्या फायली आणि बायांची निधीची पासबुके, असे तीन ढीग घेऊन आम्ही बसलो. हाताने ताळा घालताना एका हंगामाला अडीच महिने लागले, आणि शेवटी आमची बेरीज आमच्याच बेरजेशी जुळेना. त्या दिवशी आमच्या एका हमाल सभासदाची मुलगी ऑफिसात वडिलांचा डबा घेऊन आली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने आमचा पसारा पाहिला आणि म्हणाली, "काका, हे तुम्ही का करता? हे मशीनचं काम आहे." आम्ही म्हटले, "मशीननेच तर घोटाळा केला." ती म्हणाली, "मशीनला सांगितलंच नाही कुणी, कोणता आकडा कशाचा ते."

या एका वाक्यात एक्सएमएलचे सारे मर्म आहे. पुढे आम्ही पुस्तके वाचली, पण त्याहून मोठे काही आम्हांला सापडले नाही.

एक्सएमएल याचा विस्तार एक्स्टेन्सिबल मार्कअप लँग्वेज, म्हणजे गरजेप्रमाणे वाढवता येणारी खुणांची भाषा. तीत प्रत्येक माहितीच्या दोन्ही बाजूंना तिचे नाव लिहायचे: एक उघडणारी खूण आणि एक मिटणारी खूण. आमच्या हजेरीची नोंद तीत अशी दिसते:

<कामगार क्रमांक="४७">
<खाते>रेचा</खाते>
<हजेरी>२४</हजेरी>
<बिनपगारी>०</बिनपगारी>
<मजुरी>९६००</मजुरी>
</कामगार>

झाले. हे वाचायला कोणी इंजिनिअर लागत नाही. ज्याला मराठी वाचता येते त्याला हे वाचता येते, आणि तरीही मशीनला ते पुरेसे काटेकोर आहे. गाडीत चढवलेल्या गठाणींबरोबर बिल्टी असते ना, तशी ही प्रत्येक आकड्याबरोबरची बिल्टी. ज्या शकुंतला गाडीने एकेकाळी कारंज्याचा कापूस मूर्तिजापूरला जाई, त्या गाडीत नुसत्याच गठाणी भरल्या असत्या आणि 'तिसऱ्या डब्यातली पाचवी अमक्याची' असे तोंडी सांगितले असते, तर आडत्यांची डोकी फुटली असती. निधीच्या फायलीत नेमके तसेच चालते.

कारकून मुद्दामच चुकवणार असेल तर तो <बिनपगारी> या खुणेतही सव्वीस लिहील, असे कोणी म्हणेल. लिहील ना. पण मग तो आपल्या हाताने 'बिनपगारी सव्वीस' असे शब्द लिहील, आणि उद्या ते वाचणाऱ्या कोणालाही दिसतील. शिवाय मशीनला नियम घालून देता येतो. हजेरी, सुट्टी आणि बिनपगारी मिळून त्या महिन्याचे दिवस झालेच पाहिजेत, हा नियम आम्ही आमच्या प्रोग्रामात घातला. तो मोडला की नोंद परत.

ही भाषा आली कोठून? १९६९ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांचे दोन सहकारी वकिलांच्या कचेरीतील कागदपत्रे मशीनवर कशी सांभाळावीत या विवंचनेत होते. त्यातून जीएमएल निघाली. तिची वाढ होऊन १९८६ साली एसजीएमएल नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. ते इतके अवजड होते की मोठ्या संस्थांखेरीज कोणाला पेलेना. मग टिम ब्रे, झाँ पाओली, स्परबर्ग-मॅक्वीन प्रभृतींनी त्यातले अवडंबर काढून टाकले आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा झाला. म्हणजे ही भाषा आणि आपला जिल्हा एकाच सालचे. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण आम्हांला तो आवडतो.

आणि खरे सांगायचे तर ही विद्या वाशीमला नवी नाही. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी ती हीच नगरी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षातला ताम्रपट वाशीमचाच. महामहोपाध्याय मिराशींच्या वाकाटकांवरील ग्रंथात तो आहे. त्या पटात राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा पुढचा तपशील प्राकृतात आहे. कोणते गाव, कोणाला दिले, ते कोणकोणत्या जाचांतून मोकळे, सारे ठरल्या क्रमाने. खुणा नव्हत्या, पण साचा होता. प्रतिष्ठेचा भाग पंडितांच्या भाषेत आणि कामाचा भाग लोकांच्या भाषेत, ही व्यवस्था तर आजच्या सरकारी संगणकांनीही शिकावी अशी आहे. ताम्रपटाला कडी आणि तीवर राजमुद्रा असे, की पत्रे बदलू नयेत. आजच्या एक्सएमएलला तशीच मुद्रा लागते. २०१८ मध्ये आधारची जी ऑफलाईन फाईल निघाली, ती एक्सएमएलच. तीत नाव, पत्ता, छायाचित्र असते, पूर्ण आधार क्रमांक नसतो, आणि खाली प्राधिकरणाची डिजिटल सही असते. आतले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही.

नव्या पोरांना विचारा, ती म्हणतील, काका, एक्सएमएल म्हाताऱ्यांचे. आता सगळे जेसनमध्ये. जेसन सुटसुटीत आहे, जीएसटीची विवरणपत्रे त्यातच जातात, आमचे भांडण नाही. पण २०१६ पासून आपण चहाच्या टपरीवर फोनने पैसे देतो, त्या यूपीआयचे निरोप बँकांच्या दरम्यान एक्सएमएलमध्ये बांधलेले असतात. रिझर्व्ह बँकेची मोठ्या रकमांची आरटीजीएस व्यवस्था २०१३ मध्ये नवी झाली तीही याच घराण्यातल्या प्रमाणावर. आणि बाजार समितीच्या आवारात ज्या ज्या आडत्याकडे टॅली आहे, त्याच्या टेबलावर एक वेब सर्व्हिस झोपलेली आहे, हे त्याला माहीतही नसते. टॅलीला ९००० क्रमांकाच्या दारावर एक्सएमएलमध्ये प्रश्न विचारला तर ती एक्सएमएलमध्ये उत्तर देते.

आता शिकण्याची हकीकत. ऑफिसात एक जुने मशीन होते, ते झाडून पुसून घेतले. भाषा निवडली पायथॉन, कारण ती त्या मुलीला येत होती. याहून थोर कारण शोधू नये. रोज रात्री नऊ ते अकरा. पहिल्या आठवड्यात आम्ही एकच चूक चाळीस वेळा केली असेल: उघडलेली खूण मिटवायची राहून जाई. मोर्चा काढावा आणि विसर्जन करायला विसरावे, तसे. पार्सर नावाचा जो प्रोग्राम फाईल वाचतो, तो याबाबतीत अत्यंत कर्मठ. एक खूण राहिली की तो सबंध फाईल नाकारतो. सुरुवातीला आम्हांला याचा संताप येई. पुढे लक्षात आले की कर्मठपणा हाच त्याचा गुण. वाटाघाटीत 'समजून घ्या हो' म्हणणाऱ्यांनीच आम्हांला जन्मभर फसवले आहे. हा निदान समजून घेत नाही.

दुसरी अडचण अक्षरांची. युनियनची जुनी सभासद-यादी आमच्याकडे होती, पण ती जुन्या फाँटात टाईप केलेली. पडद्यावर मराठी दिसे, आत मात्र रोमन अक्षरे. फाँट काढला की सभासदांची नावे म्हणजे नुसता बाराखडीचा खिचडा. १९९१ साली निघालेल्या युनिकोड या पद्धतीत जगातल्या प्रत्येक अक्षराला आपला क्रमांक आहे; आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. तो पुण्यात, वाशीमात, न्यूयॉर्कात तोच. आम्ही इन्स्क्रिप्टची कळफलक-रचना शिकलो आणि ती यादी पुन्हा पहिल्यापासून टाईप केली. अकरा रात्री लागल्या.

आणि मग तिसरी अडचण आली, ती आम्ही कधी विसरणार नाही. हजेरीबरोबर आगाऊ दिलेल्या पैशांचीही नोंद हवी होती. आम्ही खूण केली <ॲडव्हान्स>. पार्सरने फाईल नाकारली: अवैध अक्षर, अमुक ओळ, अमुक स्तंभ. उघडणारी खूण पाहिली, मिटणारी पाहिली, दोन्ही जशाच्या तशा. तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री मुलीने कोठून तरी कारण शोधून आणले. एक्सएमएलच्या १९९८ च्या प्रमाणात खुणेच्या नावात कोणती अक्षरे चालतील याची यादीच दिलेली होती, त्या काळच्या युनिकोडवरून. तीत अ होता, आ होता, क पासून ह पर्यंत सारे होते. पण आपला 'ॲ', क्रमांक २४१८, युनिकोडमध्ये आला तो २००८ साली. त्याच वर्षी निघालेल्या पाचव्या आवृत्तीने ती यादी सैल केली, पण पायथॉनच्या पोटातला पार्सर जुन्या यादीवरच चाललेला. म्हणजे आमच्या आगाऊ रकमेला जागा नव्हती, कारण तिचे पहिले अक्षर दहा वर्षे उशिरा जन्मले!

आम्ही डोके धरून बसलो. मुलगी म्हणाली, "काका, आपण घरी ॲडव्हान्स म्हणतो का? बाबा तर उचल म्हणतात." खूण बदलली: <उचल>. फाईल चालली. वीटभट्टीवर, ऊसतोडीला, जिनमध्ये, सगळीकडे मजूर उचल म्हणतो, उचल घेतो, उचलीत बुडतो. तीस वर्षे तो शब्द ऐकणाऱ्या आम्हांला मशीनसमोर बसल्याबरोबर मालकाच्या कारकुनाचा शब्द आठवला. यावर अधिक बोलत नाही.

आकड्यांविषयी एक बारीक गोष्ट नवशिक्यांसाठी सांगून ठेवतो. पायथॉन १८०० आणि इंग्रजी आकड्यांतले तेच, दोन्ही संख्या म्हणून घेतो; त्याला मराठी आकडे कळतात. पण एक्सएमएलची स्कीमा, म्हणजे नोंदीचा साचा तपासणारी नियमावली, पूर्णांक म्हणून फक्त इंग्रजी आकडे मानते. तेव्हा आम्ही आत इंग्रजी ठेवतो आणि कागदावर छापताना मराठी. तडजोड आहे, पण पोटाला चिमटा न घेणारी.

वह्या, फायली आणि पासबुके एका साच्यात आली त्या दिवशी ताळा घालायला मशीनला चहा थंड व्हायच्या आत उत्तर देता आले. फरक किती निघाले तो आकडा येथे सांगत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. पण एक सांगितलेच पाहिजे. फरकांतले काही आमच्या बाजूचे निघाले. आमच्याच वहीत दोन बायांची हजेरी एका महिन्यात अदलाबदल झालेली होती. एका बाईला दोन वेगवेगळे क्रमांक मिळाले होते, आणि ते आमच्या लक्षात वर्षानुवर्षे आले नव्हते. ती बाई आज हयात नाही. तिच्या मुलाचा दावा अडला होता तो एवढ्यासाठी, की एका क्रमांकावरची आई जिवंत होती.

येथवर एक मशीन, एक टेबल. पण कारंजा, मंगरुळपीर, मानोरा, रिसोड, मालेगाव येथल्या बाईने आपली नोंद पाहायला दर खेपेस एसटीचे तिकीट काढून वाशीमला यावे काय? तेथून वेब सर्व्हिसची निकड निघाली.

वेब सर्व्हिस म्हणजे खिडकी. तहसीलमध्ये खिडकीवर आपण अर्ज देतो, आतला माणूस दप्तर काढतो आणि उतारा बाहेर देतो. दप्तर बाहेर येत नाही, आपण आत जात नाही. येथे अर्ज करणाराही प्रोग्राम आणि देणाराही प्रोग्राम. मानोऱ्यातल्या फोनने वाशीमच्या मशीनला विचारायचे: सत्तेचाळीस क्रमांकाची जानेवारीची हजेरी दे. उत्तर एक्सएमएलमध्ये येते, सोबत एक निकालाचा आकडा: २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे अशी नोंदच नाही, ५०० म्हणजे आमचेच डोके फिरले आहे. पहिले दोन महिने ५०० या आकड्याशी आमचा फार घरोबा झाला.

या खिडक्या बांधण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक सोप नावाची; तिचा मसुदा २००० साली पुढे आला आणि २००३ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती प्रमाण झाली. तीत प्रत्येक निरोप लिफाफ्यात घालायचा, वर शिरोभाग, आत मजकूर. लिफाफा हाच शब्द त्यांनी वापरला आहे. रजिस्टर टपालासारखे. मोठ्या बँकांना ते शोभते. दुसरी तऱ्हा रॉय फील्डिंग यांनी २००० सालच्या आपल्या प्रबंधात मांडलेली: प्रत्येक वस्तूला पत्ता द्यावा आणि त्या पत्त्यावर साधे आण, ठेव, बदल, काढ म्हणावे. आम्ही दुसरी घेतली. लिफाफे चिकटवायला आमच्याकडे माणूस नाही.

खिडकी उघडी ठेवली की कोणीही काहीही आत टाकू शकतो, हेही कळले. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपण ऐकली आहे. एक्सएमएलमध्ये एका शब्दाऐवजी दहा शब्द घे, त्यातल्या प्रत्येकाऐवजी पुन्हा दहा, असे सांगण्याची सोय आहे. अशा नऊ पायऱ्या केल्या की चिमूटभर फाईल मशीनच्या पोटात शंभर कोटी शब्दांची होते आणि मशीन बसते. नव्या पार्सरांत याला आळा आहे. जुना वापरू नये, इतकेच.

पण आमच्या खिडकीला जो अपघात झाला तो कोण्या हॅकरने केला नाही. आमच्या भोळेपणाने केला. पहिल्या बांधणीत आम्ही कुलूपच ठेवले नव्हते. सभासद-क्रमांक टाका, नोंद मिळवा. सगळे आपलेच लोक, असा भाव. दीड महिन्याने मंगरुळपीरकडच्या एका बाईने सांगितले की तिच्या वस्तीवरचा मुकादम येऊन तिला म्हणाला, 'तुझ्यावर अमक्याची इतकी उचल बाकी आहे, तेव्हा दुसरीकडे जायचे नाव काढू नको.' आकडा रुपयासकट बरोबर होता. त्याला तो आमच्या खिडकीतून मिळाला होता. एक, दोन, तीन, चार असे क्रमांक टाकत त्याने साऱ्या वस्तीची उचल पाहून घेतली होती.

मंडळी, मालकांनी आमच्या विरुद्ध फार गोष्टी केल्या, पण सबंध वस्तीचे कर्ज एका मुकादमाच्या फोनवर नेऊन ठेवण्याचे काम कोणा मालकाला जमले नव्हते. ते आम्ही केले, रात्री जागून, मोठ्या अभिमानाने. त्याच रात्री मशीनची तार काढली. दोन आठवडे खिडकी बंद होती. त्या दोन आठवड्यांत आम्ही त्या वस्तीवर गेलो, बायांपुढे उभे राहिलो आणि झाले ते सांगितले. काही बोलल्या, काही बोलल्या नाहीत. एकीने आपली वही परत मागितली. आम्ही दिली.

नंतरची बांधणी वेगळी. उचलीचे दप्तर या मशीनवरून कायमचे काढले. ते पुन्हा वहीत गेले आणि कपाटात कुलपाखाली आहे. प्रत्येक सभासदाला गुप्त किल्ली. तिच्यावाचून विचारणाऱ्याला ४०३, म्हणजे तुम्हांला अधिकार नाही. निरोप गुप्तलिपीत जातो. कोणी, केव्हा, कोणती नोंद पाहिली याची वेगळी वही मशीन स्वतः ठेवते, आणि ती वही सभासद पाहू शकतो. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. आम्हांला तो मुकादमाने आधीच शिकवला होता. कोणी काय पाहावे हे मात्र आम्ही किंवा ती मुलगी ठरवत नाही. ते सभासदांच्या सभेत ठरते, हात वर करून, आणि ठरावाचा क्रमांक प्रोग्रामाच्या वरच्या ओळीत लिहिलेला असतो.

आता रविवारी ऑफिसात वर्ग चालतो. सहा बाया, दोन हमाल आणि एक एसटीतला वाहक. ती मुलगी शिकवते, आम्ही मागच्या बाकावर बसतो. गेल्या महिन्यात स्कीमा शिकवणे चालू होते, कोणती खूण असलीच पाहिजे आणि कोणती असली तरी चालेल, हे. आमच्या साच्यात <पतीचेनाव> ही खूण एकदा असलीच पाहिजे अशी होती. निधीच्या जुन्या कागदांवरून आम्ही ती जशीच्या तशी उचलली होती. सरावासाठी प्रत्येकीने आपली नोंद लिहिली. एका बाईची नोंद पार्सर घेईना. तिने दोनदा तपासली, खुणा सगळ्या मिटलेल्या. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, नवरा वीस वर्षं झाले सोडून गेला. त्याचं नाव घातल्याबिगर मी कामाले होती हे तुमचं मशीन मानतच नाही काय?"

वर्ग गप्प झाला. मुलीने खडू खाली ठेवला. साच्यात ती ओळ काढून तिच्या जागी <वारस> घातले, आणि पुढे लिहिले: किमान शून्य, कमाल कितीही. मग त्या बाईने आपली नोंद पुन्हा पाठवली. वारसाच्या जागी तिने मुलीचे नाव घातले होते. २०० आला.